कॅथकिनच्या पायऱ्या

जगातल्या पहिल्या अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्याचे एकही छायाचित्र नाही. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी, संत अँड्र्यूच्या सणाच्या दिवशी, ग्लासगोच्या पार्टिक भागातल्या एका क्रिकेट मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड समोरासमोर आले. शिलिंगभर तिकीट काढून चारेक हजार माणसे जमली होती. छायाचित्र काढायची तयारीही झाली होती. पण फोटोच्या प्रती विकत घेऊ अशी हमी कुणी देईना, आणि तो बेत बारगळला. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. ‘द ग्राफिक’ साप्ताहिकात आलेली विल्यम राल्स्टनची रेखाटने तेवढी त्या दिवसाची आठवण सांगतात.

पुढच्या शंभर वर्षांत ही उणीव स्कॉटलंडने पुरेपूर भरून काढली. स्कॉटिश फुटबॉलच्या जुन्या छायाचित्रांचा साठा अफाट आहे, आणि त्यातली पंचवीस-तीस चित्रे तिथल्या घराघरांत पाठ असतात. जेमतेम पन्नास लाखांचा देश, पण या खेळात त्याने जे मिळवले आणि जे गमावले ते त्याने कॅमेऱ्यात जपून ठेवले. त्या साठ्यातून हात फिरवताना एक वर्ष सारखे वर येते: १९६७. स्कॉटिश फुटबॉलने त्याहून मोठे वर्ष पाहिलेले नाही. आणि त्याच वर्षी, ग्लासगोच्या दक्षिण भागात, पंच्याण्णव वर्षांचा एक क्लब बंद पडला. विजयाची चित्रे भिंतीवर लागली, त्या क्लबची फाइलमध्ये गेली. माझ्या मते ही दोन्ही चित्रे एकत्र पाहिल्याशिवाय तो काळ समजत नाही.

त्या क्लबचे नाव थर्ड लॅनार्क.

पार्टिकच्या सामन्याला दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा १२ डिसेंबर १८७२ रोजी लॅनार्कशर रायफल स्वयंसेवकांच्या तिसऱ्या पलटणीतल्या जवानांनी आपला फुटबॉल क्लब काढला. पलटणीचा क्रमांक तोच क्लबचे नाव झाला. पलटणी आणि फुटबॉल हे नाते आपल्याकडच्या वाचकांना नवे नाही. १८८८ मध्ये सिमल्यात पहिली ड्युरँड स्पर्धा झाली, तिचा अंतिम सामना रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्स आणि हायलँड लाइट इन्फन्ट्री या दोन स्कॉटिश पलटणींतच झाला होता. थर्ड लॅनार्कचे खेळाडू मात्र हौशी स्वयंसेवक होते. दिवसा काम आणि संध्याकाळी कवायत असा त्यांचा दिनक्रम. लाल डगल्यांमुळे क्लबचा गणवेशही लाल झाला.

१८८९ साली या संघाने स्कॉटिश चषक जिंकला. तो अंतिम सामना ‘हिमाचा सामना’ म्हणून ओळखला जातो. २ फेब्रुवारीला मैदानावर इतका बर्फ पडला होता की खेळणे हाच प्रश्न होता. थर्ड लॅनार्कने सेल्टिकला ३-० ने हरवले, पण अशा मैदानावरचा निकाल धरायचा नाही असे ठरले आणि तो सामना मैत्रीपूर्ण मानला गेला. आठवड्याने पुन्हा खेळले, पुन्हा जिंकले, या वेळी २-१ ने. सेल्टिकचा पहिला सामना होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. दोन्ही सामने झाले ते हॅम्पडेन पार्कवर, म्हणजे दुसऱ्या हॅम्पडेनवर.

इथे जरा थांबले पाहिजे, कारण हॅम्पडेन एक नव्हे, तीन. क्वीन्स पार्क हा स्कॉटलंडचा सर्वांत जुना क्लब. १८७३ मध्ये त्यांनी पहिले हॅम्पडेन उभारले, रेल्वेमार्गासाठी जागा गेली म्हणून १८८४ मध्ये दुसरे, आणि १९०३ मध्ये आजचे तिसरे. तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पहिल्या हॅम्पडेनवर १८८२ मध्ये स्कॉटलंडने इंग्लंडला ५-१ ने लोळवले. त्या संघात अँड्र्यू वॉटसन होता. ब्रिटिश गयानात जन्मलेला हा कृष्णवर्णीय बचावपटू आदल्या वर्षी लंडनमध्ये स्कॉटलंडचा कर्णधार होता, आणि त्या दिवशी इंग्लंडचा ६-१ असा धुव्वा उडाला होता. वॉटसन संघाच्या छायाचित्रांत स्वच्छ दिसतो, त्याला शोधावे लागत नाही. तरी जवळजवळ शतकभर फुटबॉलच्या इतिहासाने त्याची दखल घेतली नाही, आणि पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून दुसऱ्याच कुणाचे नाव सांगितले जात राहिले. फोटो असला म्हणजे आठवण असतेच असे नाही, त्याचा इतका ठसठशीत दाखला मला दुसरा माहीत नाही.

क्वीन्स पार्क तिसऱ्या हॅम्पडेनवर गेल्यावर त्यांचे सोडलेले मैदान थर्ड लॅनार्कने घेतले आणि त्याला आपल्या जुन्या मैदानाचे नाव दिले: कॅथकिन पार्क. ज्या मातीवर बर्फात चषक जिंकला, तीच माती आता त्यांची झाली. आणि ती लाभलीही. १९०३-०४ च्या मोसमात थर्ड लॅनार्क स्कॉटलंडचे लीग विजेते ठरले, पुढच्या वर्षी रेंजर्सला ३-१ ने हरवून त्यांनी दुसऱ्यांदा स्कॉटिश चषक उचलला. १९२३ मध्ये हा संघ थेट दक्षिण अमेरिकेत जाऊन अर्जेंटिना आणि उरुग्वेत खेळून आला.

क्लबला ‘हाय हाय’ म्हणत. त्याची कथा अशी सांगतात की एका बचावपटूने चेंडू इतका उंच भिरकावला की तो मैदानाबाहेर गेला, आणि गर्दी ‘उंच, उंच’ म्हणून ओरडू लागली. पुढे तीच घोषणा झाली. कथा खरी असो वा रचलेली, त्या आरोळीवर तीन पिढ्या वाढल्या.

ही माणसे होती तरी कोण? कॅथकिन ज्या गव्हनहिल भागाला लागून आहे, तो डिक्सनच्या लोखंडाच्या कारखान्याभोवती वाढलेला. त्या भट्ट्यांचा उजेड रात्री आभाळात दिसे, म्हणून लोक कारखान्याला ‘डिक्सन्स ब्लेझेस’ म्हणत. पलीकडे पोलमडीला ड्युब्झ कंपनीचा इंजिनांचा कारखाना होता. १९०३ मध्ये तो नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीत विलीन झाला. भारतातल्या रेल्वेमार्गांवर धावलेली कितीतरी वाफेची इंजिने याच कंपनीच्या ग्लासगोतल्या कारखान्यांतून आली. ती ज्यांनी घडवली त्यांतले कितीतरी कामगार शनिवारी दुपारी कॅथकिनच्या पायऱ्यांवर उभे असत. शनिवारी अर्धा दिवस काम. दुपारी भोंगा झाला की मजुरी खिशात टाकून मैदान गाठायचे, ही त्या शहराची रीतच होती. स्कॉटलंडमध्ये फुटबॉल एवढे खोल का रुजले याची उत्तरे अनेक देता येतील. त्यातले सर्वांत ठोस मला हे वाटते: कारखान्यांनी कामगारांना शनिवारची दुपार दिली आणि त्या दुपारी पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर मैदान होते.

गर्दीची छायाचित्रे बघावीत ती यासाठी. १७ एप्रिल १९३७ रोजी तिसऱ्या हॅम्पडेनवर स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला १,४९,४१५ प्रेक्षक होते, आणि एका आठवड्याने सेल्टिक-ॲबर्डीन या चषकाच्या अंतिम सामन्यालाही त्याच्या आसपास. त्या फोटोंत मैदान चिमूटभर असते, बाकी सगळी माणसे. जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात मफलर, अंगात कोट. बायका अगदी तुरळक. पुढच्या कठड्याला चिकटून पोरे. ही पोरे तिथे पोहोचत कशी, हे फोटोत दिसत नाही पण त्या पिढीतल्या सगळ्यांना ठाऊक असे. फाटकावर जाऊन एखाद्या अनोळखी काकाला ‘मला उचलून आत न्या ना’ म्हणायचे. तो काका पोराला फिरत्या दांड्यावरून अलगद पलीकडे ठेवायचा आणि पोर फुकट आत. मग लहानग्याला काही दिसावे म्हणून पायऱ्यांवरची माणसे त्याला डोक्यांवरून हातोहात पुढे सरकवत. वर विक्रेत्यांची हाळी: मॅकरून बार घ्या, पुदिन्याचे च्युइंगगम घ्या. मध्यंतरात खिमा भरलेला ‘पाय’ (pie) आणि कपभर गरम बोव्हरिल. जानेवारीत ग्लासगोची हवा अशी असते की तो कप प्यायला घेतला होता की हात शेकायला, हे घेणाऱ्यालाही सांगता आले नसते.

याच काळातले एक छायाचित्र आपल्या फार जवळचे आहे. १९३६ चा उन्हाळा, सेल्टिक पार्क. कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम बसला आहे आणि सेल्टिकचे प्रशिक्षक जिमी मॅकमेनेमी त्याच्या पायाला पट्ट्या गुंडाळताहेत. सलीम बुटांशिवाय खेळे, पायाला फक्त पट्टी. सेल्टिककडून त्याने दोन सामने खेळले, दोन्हींत संघ मोठ्या फरकाने जिंकला, आणि घरच्या ओढीने तो परत फिरला. मॅकमेनेमी म्हणजे साधा माणूस नव्हे. आपल्या काळातला सेल्टिकचा आणि स्कॉटलंडचा नामांकित खेळाडू, ज्याला लोक ‘नेपोलियन’ म्हणत. तो एका परदेशी पाहुण्याच्या पायांशी ज्या सहजपणे काम करतो आहे, ते पाहण्यासारखे आहे. १९३६ साली, गोऱ्यांचे राज्य असताना, एका हिंदी माणसाच्या पायाला गोऱ्या माणसाने पट्टी बांधावी याचे अप्रूप आपल्याला वाटते. फोटोतल्या दोघांना त्याचे काही वाटत असावे असे दिसत नाही.

जुन्या पायऱ्यांच्या आठवणी सांगताना एक गोष्ट मात्र झाकता येत नाही. त्या पायऱ्यांनी माणसे मारलीही. ५ एप्रिल १९०२ रोजी रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड सामना सुरू असताना लाकडी सांगाड्यावर उभारलेला पायऱ्यांचा एक भाग खचला, माणसे खाली कोसळली आणि २५ जण गेले. मैदानाचा आराखडा आर्चिबाल्ड लीचचा, तोही ग्लासगोचाच. त्या अपघाताने तो हादरला. पुढे लाकडी सांगाडे सोडून मातीचे भरीव बांध घालणे आणि गर्दीचा रेटा अडवण्यासाठी पायऱ्यांवर लोखंडी कठडे बसवणे ही पद्धत रूढ झाली. लीचने असल्या कठड्यांचे पेटंटही घेतले. कॅथकिनच्या पायऱ्या मातीच्या बांधावर आहेत, आणि त्या आजवर टिकल्या त्यामागे हेच कारण आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर थर्ड लॅनार्कचे दिवस चढउताराचे होते. जिमी मेसनसारखा देखणा खेळणारा आघाडीपटू त्यांच्याकडे होता. १९४९ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध गोल करणारा. ॲली मॅकलाउड नावाचा किडकिडीत पोरगा डाव्या बगलेवर पळत होता. रेंजर्स आणि सेल्टिक यांच्यामागे धर्माच्या ओळीने विभागलेले शहर उभे होते. थर्ड लॅनार्कला त्या भांडणाशी घेणेदेणे नव्हते. ज्याला नुसता फुटबॉल बघायचा आहे आणि घराजवळ बघायचा आहे, त्याचा तो क्लब. एका परीने तीच त्याची श्रीमंती होती आणि तोच त्याचा कमकुवतपणा, कारण अशा निष्ठेला घर बदलले की जागा उरत नाही.

१९६०-६१ चा मोसम त्यांचा शेवटचा बहर. रेंजर्सचे माजी कर्णधार जॉर्ज यंग व्यवस्थापक होते. आघाडीची फळी होती गुडफेलो, हिली, हार्ली, ग्रे आणि मॅकिनिस; ही पाच नावे तिथली माणसे अजून एका दमात म्हणतात. ॲलेक्स हार्लीने त्या मोसमात ४२ गोल केले. शेवटच्या दिवशी कॅथकिनवर हिबर्नियनशी गाठ होती आणि गोलांचे शतक पुरे व्हायला सहा कमी होते. थर्ड लॅनार्कने बरोबर सहा मारले, सामना ६-१ ने जिंकला आणि रेंजर्स व किल्मार्नकनंतर तिसरा क्रमांक पटकावला. मैदानाची क्षमता पन्नास हजारांच्या घरात, वर नवे विजेचे दिवे. क्लबला मरण जवळ आले आहे असे त्या दिवशी कुणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले असते.

पुढच्या सहा वर्षांत सगळे धुळीला मिळाले. १९६२ मध्ये क्लबची सूत्रे बिल हिडलस्टन याच्या हातात गेली आणि यंग यांनी राजीनामा दिला. हार्ली, हिली, गुडफेलो, ग्रे असे एकेक करून इंग्लंडला विकले गेले, आणि त्यांच्या जागी तेवढ्या ताकदीचे कुणी आले नाही. १९६४-६५ मध्ये ३४ सामन्यांत ३ विजय, १ बरोबरी, ३० पराभव. एकूण ७ गुण, आणि पहिल्या विभागातून हकालपट्टी. मैदान घरबांधणीसाठी विकायचे म्हणूनच क्लबला उपाशी ठेवले जाते आहे, असा संशय समर्थकांमध्ये पसरला.

हिडलस्टनला मी माफ करत नाही. पण सगळा दोष एका माणसाच्या माथी मारून मोकळे होणेही बरोबर नाही. डिक्सनच्या भट्ट्या १९५८ मध्ये विझल्या. नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी १९६२ मध्ये दिवाळखोरीत गेली, वाफेच्या इंजिनांचा जमाना संपला होता. ग्लासगो महापालिका गॉर्बल्सच्या जुन्या चाळी पाडून तिथल्या कुटुंबांना कॅसलमिल्कसारख्या दूरच्या वसाहतींत हलवत होती. नव्या घरांत न्हाणीघर होते, दोन खोल्या जास्त होत्या, कोपऱ्यात टीव्ही होता. ही घरे लोकांना हवी होती, आणि का नसावीत? पण शनिवारी दुपारी भोंगा वाजल्यावर चालत कॅथकिनला येणारी वस्ती त्या स्थलांतरात विरून गेली. लुबाडणाऱ्याच्या हाती क्लब लागला तेव्हा त्याच्याभोवती कडे करायला शेजारीच उरले नव्हते.

आणि मग १९६७ चा वसंत आला.

आधीच्या शरदातच डंडी युनायटेडने बार्सिलोनाला दोन्ही सामन्यांत, तिकडेही आणि घरीही, हरवले होते. जानेवारीत बेरिक रेंजर्स या चिमुकल्या क्लबने बलाढ्य रेंजर्सला चषकातून १-० ने बाहेर काढले. किल्मार्नक युरोपातल्या फेअर्स चषकाच्या उपान्त्य फेरीत, रेंजर्स कप विनर्स चषकाच्या अंतिम फेरीत, सेल्टिक युरोपियन चषकाच्या अंतिम फेरीत. असे एकाच मोसमात एवढ्याशा देशाचे कधी झाले नव्हते, पुढेही झाले नाही.

१५ एप्रिलला वेम्बली. आदल्या उन्हाळ्यात विश्वविजेता झालेला इंग्लंडचा संघ १९ सामने अजिंक्य होता. स्कॉटलंडच्या गोलमध्ये रॉनी सिम्पसन, वय वर्षे ३६, देशासाठी पहिलाच सामना. डेनिस लॉ, बॉबी लेनक्स आणि पदार्पण करणारा जिम मॅकॅलिऑग यांनी गोल केले आणि स्कॉटलंड ३-२ ने जिंकले. पण चित्र राहिले ते जिम बॅक्स्टरचे. कोळशाच्या खाणीत काम केलेला हा फाइफचा गडी सामना ऐन रंगात असताना चेंडू जमिनीवर पडू न देता पायावर झेलत सावकाश चालला आहे, मोजे घसरलेले, घाई कसली ती नाहीच. बरोबर सहा वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, त्याच मैदानावर इंग्लंडने स्कॉटलंडला ९-३ ने चिरडले होते. लॉला त्याची परतफेड गोलांनी करायची होती. बॅक्स्टरला प्रतिस्पर्ध्यांना खेळवायचे होते. आणखी दोन गोल झाले असते तर आकडा मोठा झाला असता हे खरे. पण बॅक्स्टरच्या त्या दहा-बारा पावलांनी स्कॉटलंडला जे दिले ते कुठल्याही आकड्याने दिले नसते, असे मी ठामपणे म्हणेन.

दहा दिवसांनी, २५ एप्रिलला, कॅथकिनवर थर्ड लॅनार्क आणि क्वीन ऑफ द साउथ यांचा दुसऱ्या विभागातला सामना झाला. पन्नास हजारांच्या मैदानात काही शे माणसे. ३-३ बरोबरी. हा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आहे हे आलेल्यांना माहीत नव्हते. तीन दिवसांनी, २८ एप्रिलच्या संध्याकाळी, डंबार्टनच्या बॉगहेड मैदानावर संघ ५-१ ने हरला. थर्ड लॅनार्कचा तो एकुलता गोल ड्रू बस्बी या तरुण पोराने मारला. क्लबच्या पंच्याण्णव वर्षांतला तो शेवटचा गोल. बस्बीने पुढे एअरड्री आणि हार्ट्ससाठी खेळून चांगले नाव कमावले.

सत्तावीस दिवसांनी लिस्बन. २५ मे १९६७, एस्तादिओ नासिओनाल, समोर मिलानचा इंटर, बचावाच्या पोलादी तंत्रामुळे अख्ख्या युरोपने धसका घेतलेला संघ. सातव्या मिनिटाला पेनल्टीवर माझोलाचा गोल. मग सेल्टिकने तासभर नुसते हल्ले चढवले. टॉमी गेमेलने बरोबरी साधली, शेवटच्या काही मिनिटांत स्टीव्ही चामर्सने दुसरा गोल केला आणि युरोपियन चषक पहिल्यांदाच ब्रिटनमध्ये आला. अकराच्या अकरा खेळाडू ग्लासगोपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. व्यवस्थापक जॉक स्टीन, एकेकाळचा खाणकामगार. आपण आज ज्याला जागतिक दर्जाचा क्लब म्हणतो त्यातले खेळाडू चार खंडांतून गोळा झालेले असतात. म्हणून ही तीस मैलांची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते.

त्या दिवसाच्या फोटोत कर्णधार बिली मॅकनील दोन्ही हात उंच करून चषक धरून उभा आहे. भोवती संघ नाही. याचे कारण साधे होते. शिट्टी वाजताच समर्थक मैदानात घुसले, खेळाडूंना व्यासपीठापर्यंत पोहोचता येईना, आणि मॅकनीलला पोलिसांच्या बंदोबस्तात तिथे न्यावे लागले. चषक घेताना बाकीचे दहा जण त्याच्याबरोबर नव्हते. आणखी एक गंमत त्या फोटोबाहेर आहे. त्या काळी ग्लासगोच्या कामगार वस्त्यांत ऐन तरुणपणी दात काढून कवळी बसवणे सर्रास चाले. संघातल्या काहींच्या कवळ्या सिम्पसनच्या टोपीत, गोलच्या जाळ्यात, ठेवलेल्या होत्या; जिंकलो तर फोटोत नीट हसता यावे म्हणून. शेवटची शिट्टी झाली आणि गर्दी आत शिरली, तेव्हा सिम्पसन आधी ती टोपी वाचवायला धावला. युरोप जिंकणाऱ्या त्या पोरांची घरे कशी होती, खाणेपिणे कसे होते, दवाखाना किती दूर होता, हे त्या टोपीवरून कळते. कॅथकिनच्या पायऱ्यांवर उभी राहणारी माणसे आणि ही पोरे एकाच मुशीतली.

रेंजर्स ३१ मे रोजी न्यूरेम्बर्गला बायर्न म्युनिककडून जादा वेळेत १-० ने हरले, आणि तो वसंत संपला. थर्ड लॅनार्कचे दिवाळे त्याच उन्हाळ्यात निघाले. सरकारी व्यापार मंडळाने चौकशी केली. अहवालाने हिडलस्टनच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले, पण तो ते वाचायला नव्हता. १९६७ च्या नोव्हेंबरातच तो वारला. चार संचालकांना कंपनी कायदा मोडल्याबद्दल १९६८ मध्ये प्रत्येकी १०० पौंड दंड झाला. जिथे शंभर गोल पाहिले, तिथले शंभर पौंड. लीगने त्यांची जागा भरली नाही, चळवळ उभी राहिली नाही. शहर अजून लिस्बनच्या नशेत होते.

क्लब गेला, माणसे पांगली. ॲली मॅकलाउड पुढे व्यवस्थापक झाला आणि १९७८ मध्ये स्कॉटलंडचा संघ घेऊन विश्वचषकासाठी अर्जेंटिनात गेला, जिथे थर्ड लॅनार्क पंचावन्न वर्षांपूर्वी खेळून आले होते. निघण्याआधी हॅम्पडेनवर उघड्या बसमधून संघाची मिरवणूक निघाली. पेरूकडून हार, इराणशी बरोबरी, आणि मग हॉलंडविरुद्ध आर्ची गेमिलचा तो अप्रतिम गोल; जिंकूनही संघ घरी परतला. मॅकलाउडची त्यावरून खूप थट्टा झाली. त्याच्या अवाजवी उत्साहावर हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे होते की ज्या क्लबात तो घडला तो डोळ्यांदेखत नाहीसा झालेला त्याने पाहिला होता. अशा माणसाला आशा लहान ठेवायला सांगणे मला तरी जमणार नाही.

कॅथकिनच्या जागेवर घरे बांधण्याचा बेत होता. महापालिकेने परवानगी दिली नाही आणि पुढे तिथे सार्वजनिक बाग झाली. मुख्य स्टँड पाडला गेला, पण तिन्ही बाजूंच्या पायऱ्या तशाच राहिल्या. त्यांवर झाडे वाढली, खोडांनी काँक्रीटच्या कडा उचलल्या, लोखंडी कठडे अजून रांगेने उभे आहेत. थर्ड लॅनार्कच्या नावाने हौशी संघ पुन्हा उभा राहिला आणि मधल्या हिरवळीवर फुटबॉल खेळला जातो.

दरम्यान जिवंत क्लबांच्या पायऱ्या गेल्या. २ जानेवारी १९७१ रोजी आयब्रॉक्सवर सेल्टिकविरुद्धचा सामना संपल्यावर १३ क्रमांकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ माणसे मेली, त्यात शाळकरी मुले होती. त्यातून १९७५ चा मैदान सुरक्षा कायदा आला. १९८९ च्या हिल्सबरो मैदानावरील दुर्घटनेनंतर टेलर अहवालाने मोठ्या मैदानांवर सगळीकडे खुर्च्या बसवायला लावल्या. हॅम्पडेनच्या अफाट मातीच्या उतारांवर खुर्च्या आल्या, आयब्रॉक्सचे बांध त्याआधीच सपाट झाले, सेल्टिक पार्क नव्याने बांधले गेले. हे व्हायलाच हवे होते. ६६ घरांना विचारले तर वेगळे उत्तर येणार नाही. पण त्यामुळे असे झाले की १९३७ च्या त्या फोटोतली माणसे नेमकी कशी उभी राहत, पायरीची रुंदी किती, कठडा छातीशी येई की कमरेशी, हे प्रत्यक्ष पाहायचे तर मोठ्या क्लबांकडे जाऊन उपयोग नाही. बंद पडलेल्या क्लबाच्या मैदानात जावे लागते. ग्लासगोने त्या पायऱ्यांना स्मारकाचा दर्जा देऊन त्यांची डागडुजी करावी, झाडे राहू द्यावीत आणि काँक्रीट सावरावे, असे मला मनापासून वाटते. पायऱ्यांची देखभाल नीट झाली नाही तर आणखी पन्नास वर्षांत मुळे त्या फोडून टाकतील.

तिथून चालत पंधरा मिनिटांच्या आत तिसरे हॅम्पडेन आहे. त्याच्या पोटात स्कॉटिश फुटबॉलचे संग्रहालय आहे, आणि तिथे १८७३ साली घडवलेला स्कॉटिश चषक ठेवला आहे. जगातला सर्वांत जुना राष्ट्रीय फुटबॉल चषक म्हणून तो दाखवतात. १८८९ मध्ये बर्फ वितळल्यावर थर्ड लॅनार्कने जिंकला तो हाच, आणि १९०५ मध्ये पुन्हा जिंकला तोही हाच.